यादीतला एक पत्ता

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काम अगदी साधं होतं. एक जुना नेटवर्क स्विच, म्हणजे संगणकांच्या वायरी एकत्र जोडणारी पेटी, आतली सेटिंग पुसून कोरी करायची, खोक्यात भरायची आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायची. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन.

पण सर्व्हरच्या हॉलमध्ये ऊन कुठलं! तिथे खिडकीच नाही. माणसापेक्षा उंच कपाटांच्या रांगा, मधून अरुंद बोळ, आणि शेकडो पंख्यांची एकसुरी घरघर. थंडी अशी की बोटं आखडतात. तापलेल्या प्लास्टिकचा वास नाकात जाऊन बसतो, तो घरी गेल्यावरही जात नाही.

आठ महिन्यांपूर्वी याच हॉलमध्ये मास्तर गेले. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. मला या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा त्यांनी हाताला धरून शिकवलं. एका दुपारी आग नसतानाच आग विझवणारा, माणसाचा श्वास कोंडणारा वायू सुटला. सगळे बाहेर पळाले, मास्तर आत राहिले. चौकशीच्या कागदावर आलं, 'घाबरून दार सापडलं नाही.' बावीस वर्षं जिथे काढली, तिथलं दार सापडलं नाही? मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. त्यांचा लॅपटॉपही मिळाला नाही. मास्तरांच्या बायकोने, वहिनींनी, दोनदा विचारलं. साहेब म्हणाले, शोधतोय.

म्हणून साहेबांनी नेमका हाच स्विच आजच्या आज पुसायला सांगितला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या वेळी हॉलचं दार, कॅमेरे, सगळं याच स्विचवरून चालायचं. आता नवा आला होता, आणि हा कपाटात नुसता पडून होता.

"जुनी सेटिंग उघडून बघत बसू नकोस," साहेब म्हणाले. "थेट पूस."

मी मान डोलावली. आत गेले आणि आधी सगळ्या सेटिंगची आणि जुन्या नोंदींची प्रत माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. मग पुसला.

पुसलेला स्विच कारखान्यातून नुकताच आल्यासारखा होतो. तसा स्विच कसा असतो, सांगते. त्याला पासवर्ड नसतो, मनात कुणाबद्दल शंका नसते. सगळे पोर्ट, म्हणजे वायरी खुपसायची भोकं, उघडे, सगळे एकाच गटात. कोणीही यावं, वायर खुपसावी, बोलावं. जे यंत्र बोलेल त्याचा पत्ता, म्हणजे प्रत्येक यंत्राचा स्वतःचा कायमचा क्रमांक, तो यादीत लिहून घेतो. पाच मिनिटं कोणी गप्प राहिलं, की त्याला विसरून जातो.

माझा लॅपटॉप मागच्या वेगळ्या वायरीने जोडलेला होता. पुढच्या चोवीस पोर्टांत एकही वायर नव्हती. यादी रिकामी हवी.

यादीत एक पत्ता होता. पोर्ट चोवीस.

शेवटचे आकडे मी दोनदा वाचले. ते मला पाठ होते. शिकत असताना वर्षभर मी मास्तरांच्याच लॅपटॉपवर सराव केला होता.

आधी वाटलं, कोणीतरी माझी गंमत करतंय. नाहीतर साहेब माझी परीक्षा बघतायत. मी प्रत्येक बोळ फिरून आले, कपाटांच्या मागे वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले. पत्ता गेला नाही. म्हणजे तो गप्प नव्हता... बोलतच होता.

पुन्हा पुसला. पत्ता पुन्हा आला. आता पोर्ट तेवीस. मग बावीस. एकवीस. कोणीतरी वायर काढून शेजारच्या भोकात घालावी, तसा एकेक घर माझ्या बाजूला सरकत होता.

मी उतरवलेली प्रत उघडली. पोर्ट चोवीस, नाव 'मुख्य दार'. मास्तर गेले त्या तारखेला, वायू सुटल्यानंतर बरोबर एका मिनिटाने, तो बंद केलेला, म्हणजे कार्ड लावलं तरी दार उघडणार नाही. बंद करणाऱ्याच्या जागी साहेबांचं लॉगिन.

"झालं का?"

साहेब माझ्या पाठीशी उभे होते. कधी आले, पंख्यांच्या आवाजात कळलंच नाही. मी पटकन उघडलेली प्रत बंद केली.

"साहेब... यादीत मास्तरांचा लॅपटॉप दिसतोय."

"काहीतरीच काय!"

"बघा ना. पोर्ट दोनवर आहे. आत्ता... एकवर आला."

ते वाकले. त्यांचा श्वास माझ्या कानाशी थांबला.

"शक्य नाही," ते पुटपुटले. "तो तर मी स्वतः तळ्यात..."

पुढचा शब्द त्यांनी गिळला.

"तुझा लॅपटॉप दे इकडे," ते हळूच म्हणाले.

"बाहेर गेल्यावर देते."

मी लॅपटॉप छातीशी धरला आणि मागे न बघता चालत सुटले. दाराला कार्ड लावताना वाटलं, हे आता उघडणार नाही. उघडलं. जिन्यावरून मी जी धावले ती थेट पोलीस चौकीत.

तळ्यातून लॅपटॉप निघाला, चिखलाने भरलेला, डिस्कला भोकं पाडलेली. साहेब एका रुग्णालयाच्या रुग्णांची माहिती चोरून बाहेर पाठवत होते, आणि मास्तरांनी ते पकडलं होतं. वायूही साहेबांनीच सोडला होता. त्यांनी सगळं कबूल केलं. वहिनींना मीच जाऊन सांगितलं. त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "दार सापडलं नाही म्हणे!"

महिन्याभराने तपास अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. साहेबांनी दडवलेलं कॅमेऱ्याचं चित्रण त्यांच्या हाती लागलं होतं.

"दार दोनच मिनिटं बंद होतं," अधिकारी म्हणाले. "साहेबांचा धीर सुटला, त्यांनी ते पुन्हा चालू केलं. आता हे बघा."

पडद्यावर वायूचा पांढरा धूर होता. दार उघडलं. मास्तर उंबऱ्यावर आले, तोंडावर रुमाल, एक पाय बाहेर. जिवंत. मग थांबले. आतून कोणी हाक मारावी तशी मान वळवली. रुमाल खाली घेतला. आवाज नव्हता, पण ओठ स्वच्छ दिसत होते.

"आलो, आलो."

आणि ते परत आत गेले. दार मागे आपोआप लागलं.

"आत आणखी कोण होतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

आम्ही बाकीचे सगळे, लॅपटॉप घेतलेले साहेबसुद्धा, तेव्हा खाली फाटकाशी उभे होतो. हजेरी घेऊन झाली होती. एकही माणूस कमी नव्हता, फक्त मास्तर सोडून.