बत्तीस नंबरची कॅसेट

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. शेवटचा भाग माझ्या डोळ्यांदेखत घडलाय. आणि ज्यांच्याबद्दल सांगतेय ते माझे सख्खे वडील आहेत, तेव्हा तिखटमीठ लावून मला काही मिळणार नाही.

बारा वर्षं झाली. मे महिना, रविवार. दुपारचे सव्वातीन. आमच्याच घराचा पुढचा हॉल.

माझी आत्या शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाली आणि एका गोष्टीनं तिला झपाटलं. आमच्या उपनगराचा इतिहास जपायचा! शहराबाहेर माळावर पहिली सात घरं कुणी बांधली, पाणी कुठून आणलं, रस्ता कुणी भांडून करून घेतला. सगळं म्हाताऱ्यांच्या तोंडून.

"ही माणसं गेली की संपलं गं," म्हणायची. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून दारोदार फिरायची. बाबा चेष्टा करायचे, "आली आमची रेडिओबाई!"

तिची एक पद्धत होती. गप्पा रंगल्या की टेप चालूच ठेवायचा आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचं. माणूस एकटा असला की खरं बोलतो, म्हणे.

अशा एकेचाळीस कॅसेट झाल्या. बत्तीस नंबरची आजीची. आजी म्हणजे बाबांची आणि आत्याची आई. सात घरांतलं पहिलं घर तिचं, ज्यात आम्ही राहतो तेच. तिच्याही वेळी आत्या आजीच्या मागच्या खोलीत टेप चालू ठेवून उठली, ती चांगली वीस मिनिटं. आजी एकटीच बोलत बसली होती.

काय बोलली, ते आत्यानं ऐकलंच नाही. महिन्याभरात आजी गेली. मग तो आवाज ऐकायचा आत्याला धीर होईना.

कॅसेट तिनं आमच्या उपनगराच्या रहिवासी मंडळाच्या कपाटात ठेवल्या. मंडळाचे अध्यक्ष बाबा, किल्लीही बाबांकडे. सख्ख्या भावावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?

तीन वर्षांनी सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं. आत्यानं कॅसेट स्वतःच्या घरी नेल्या. एकेक करत बत्तीसवर आली. बटण दाबलं...

आजी नाही.

बाबा!

मंडळाच्या पन्नाशीच्या कार्यक्रमातलं बाबांचं भाषण. सहाच महिन्यांपूर्वीचं. विषय काय, तर आपला इतिहास आपण जपला पाहिजे. घ्या!

आत्याला वाटलं, चुकून झालं असेल. तिनं कॅसेट काढून पाहिली.

कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. आत्यानं सगळ्या कॅसेटचे तुकडे मोडून ठेवले होते. पण त्या भोकांवर चिकटपट्टी लावली, की होतं.

चिकटपट्टी लावलेली होती. नीट कापून. एकेचाळीसपैकी फक्त त्या एका कॅसेटवर.

म्हणजे मुद्दाम.

निदान शेवटी थोडी तरी आई उरली असेल, म्हणून तिनं कॅसेट परत लावली. भाषण सुरू झालं. बाबा दम घ्यायला मधेमधे थांबत होते. तिथे टाळ्या ऐकू यायला हव्या होत्या, खोकले हवे होते. हॉल गच्च भरला होता, मी स्वतः तिसऱ्या रांगेत होते.

पण टेपवर चिटपाखरूही नव्हतं.

मग एकदा बाबा थांबले, आणि... खुर्ची करकरली.

पुढच्या वेळी... कुणीतरी घसा खाकरला. आजी बोलायच्या आधी खाकरायची तस्सा.

वेडीला आनंद झाला हो! आई पूर्ण पुसली गेली नाही, असं वाटलं तिला. तिनं आवाज वाढवला. कान लावून बसली.

"पूस..."

बाबांचं एक वाक्य.

"सगळं पूस, बाळा..."

आणखी एक वाक्य.

"तिला कळता कामा नये."

आणि मग बाबांचाच आवाज. माइकपासून तोंड फिरवल्यासारखा, अगदी हळू... "हो, आई."

भाषणाच्या दिवशी आजीला जाऊन अडीच वर्षं झाली होती.

त्या रविवारी आत्या तशीच टेपरेकॉर्डर उचलून आमच्याकडे आली. बाबा पेपर वाचत होते. तिनं टेप लावला. मीही ऐकलं. प्रत्येक शब्द.

बाबांनी चष्मा काढला. "बंद कर ते."

"काय होतं त्यात, दादा? काय बोलली आई?"

"मी ऐकलं नाही. ती म्हणाली ऐकू नकोस, पूस. मी पुसलं."

"कधी म्हणाली? जायच्या आधी?"

बाबांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"नंतर," ते म्हणाले.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आत्या मात्र घाबरली नाही. तिचा चेहरा एवढासा झाला.

"तुझ्याशी बोलते?"

"रोज. जेवणं झाली की."

"मग मी येते तेव्हा?"

"तू आलीस की गप्प बसते."

"अरे, तिचं दुखणं मी काढलं!" आत्याचा आवाज फुटला. "दोन वर्षं रोज येऊन हातानं भरवलं तिला. आणि बोलते तुझ्याशी? आपल्याच घरात मला परकी केलीत रे दोघांनी!"

मग ती मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"आई?"

...

"आई, मी आलेय गं."

...

किती वेळ उभी होती कोण जाणे. मग तिनं डोळे पुसले, चपला घातल्या आणि निघून गेली. टेपरेकॉर्डर तिथेच राहिला. फाटकाची कडी लागल्याचा आवाज आला.

आणि मागच्या खोलीत...

खूप वेळ रोखून धरलेला श्वास कुणीतरी सोडला.

बाबांनी पेपरचं पान उलटलं. वरही न बघता म्हणाले, "गेली हं ती."

माझ्याशी नाही बोलले ते.

आत्याला हे मी अजून सांगितलेलं नाही. ती भेटली की विचारते, "आई काही बोलली का गं माझ्याबद्दल?" मी नाही म्हणते. तिच्या डोळ्यांकडे बघत नाही.