कठड्यावरचं जॅकेट

धावायला निघताना जराशी थंडी वाजलीच पाहिजे, असं आमचे शिट्टीसर म्हणत. दाराबाहेर पाऊल टाकलं आणि ‘वा, कसं उबदार वाटतंय’ असं झालं, तर समजायचं की अंगावर एक कपडा जास्त आहे. पहिल्या वळणापर्यंत कुडकुडायचं, दुसऱ्या वळणाला थंडी विसरायची, तिसऱ्याला घाम पुसायचा. शिट्टीसर म्हणजे निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. गळ्यात शिट्टी नाही असे ते मी कधी पाहिले नाहीत. रोज सकाळी तलावाच्या बांधावर ते आमच्यासारख्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना पळवत. त्यांत मी होते आणि माझी धाकटी जाऊ.

मी कपडे दुरुस्त करते. कोपऱ्यावरच्या दुकानात चेन बदलून देणं, पँट आखूड करणं, वाढलेल्या पोटांना शिलाईत जागा करून देणं, हे माझं काम. कुणी शिकवलं नाही, जुने कपडे उसवून बघत बघत शिकले. त्यामुळे धावण्याच्या आधी मी धावणाऱ्यांच्या कपड्यांच्याच प्रेमात पडले. हिवाळ्यात सुती बनियन घालून पळू नये, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सूत घाम पितं आणि सोडत नाही, मग तो ओला गोळा नको असलेल्या पाहुण्यासारखा पाठीला चिकटून बसतो. आत अंगाला बिलगणारा पातळ कपडा, जो घाम बाहेर ढकलेल. त्यावर ऊब धरणारा. सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. कान झाकायचे, बोटं झाकायची. पायांचे मात्र फार लाड करायचे नाहीत, ते आपली सोय आपण करतात.

खरं तर हा सगळा खटाटोप धाकटीसाठी होता. आदल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. त्यातून ती उठली, पण थंडी तिच्या अंगातून गेली नाही. पूर्वी ही बाई सुटलेली बस धावत जाऊन पकडायची आणि वर कंडक्टरलाच विचारायची, “कुठे राहिला होतात?” आता शाल गुंडाळून हीटरशेजारी बसून असायची. हात धरला तर नळाखाली धरल्यासारखा गार. दीर एक दिवस दुकानात आले, उभ्या उभ्याच म्हणाले, “वहिनी, ती तुमचंच ऐकते. काहीतरी करा. घरात बायको आहे की उशी, मला कळत नाही.”

मला माझी जुनी धाकटी परत हवी होती. हिवाळ्याच्या शेवटी तलावाभोवती दहा किलोमीटरची शर्यत असते. मी दोघींची नावं दिली आणि मगच तिला सांगितलं.

“ताई, तुम्हाला वेड लागलंय,” ती म्हणाली.

“लागलंय. तुझ्या मापाचं जॅकेट बेतलंय, आता कापड वाया घालवू नकोस.”

जॅकेट शेंदरी होतं, दुरून दिसावं म्हणून. पाठीवर चमकणारी पट्टी. खांद्यापासून मनगटापर्यंत तिच्या मापाचं, चेन अशी बसलेली की मलाच माझं कौतुक वाटावं. आणि मानेच्या आत मी एक लूप शिवला. अंग तापलं की वरचं जॅकेट कमरेला बांधायचं, असा शिट्टीसरांचा नियम होता. पण बाह्यांना गाठ मारून मारून त्या कशा लोंबायला लागतात, हे रोज बघणाऱ्या बाईला तो नियम सहन होईना. बांधाच्या मध्यावर बंद पडलेलं पंपघर आहे, त्याच्यापुढे लोखंडी कठडा, कठड्याला आकडे. जाताना टांगायचं, फेरी मारून येताना घ्यायचं. यात अवघड काय?

“टांगू नका,” सर म्हणाले. “कमरेला बांधा.”

“का हो सर? इथे चोर आहेत का?”

“चोर नाहीत. पद्धत आहे तशी.” आणि ते दुसरीकडेच बघत शिट्टी पुसायला लागले.

मी कासव. माझं जॅकेट पूर्ण फेरीत अंगावरच राहायचं, चेन अर्धी उघडली की भागायचं. धाकटी मात्र पंपघरापर्यंत तापायची. तिनं टांगलं.

त्या सकाळी गवतावर पांढरं दव गोठलं होतं आणि सूर्य अजून झाडांच्या मागे होता. फेरी मारून आम्ही कठड्यापाशी आलो. घामेजल्या अंगावर गार जॅकेट चढवणं हा धावण्यातला सगळ्यात वाईट क्षण. धाकटीनं तोंड वाकडं करून हात घातला आणि थांबली.

“ताई, हे बघा.”

मी आत हात घातला. जॅकेट गरम होतं. बाहेरून कापड गोठलेलं, आणि आत ऊब. कुणीतरी आत्ताच अंगातून काढून टांगल्यासारखी.

“पंपवाला तुझ्यावर लट्टू झालाय,” मी म्हटलं. “इस्त्री करून ठेवतोय.”

पंपघराच्या कुलपावर गंजाचे पापुद्रे आले होते. धाकटी हसली. ती नेहमी नाकातून हसते, फुस्स-फुस्स, दोनदा. थंडीत त्या हसण्याचे वाफेचे दोन लहान गोळे झाले आणि तरंगत गेले. वर्षभरानंतर ते हसू ऐकून मला इतका आनंद झाला की जॅकेट गरम का आहे, हा प्रश्न मी तिथेच सोडून दिला.

मग रोजच ते गरम मिळायला लागलं. तुम्ही म्हणाल, दोन शहाण्या बायकांना भीती कशी वाटली नाही? आम्हाला मजा वाटली. आमची दोघींची चोरटी गंमत होती ती. शिवाय धाकटी सुटलीच होती. कालपर्यंत माझ्या मागे धापा टाकणारी बाई आता माझ्यापुढे, मग सगळ्या गटाच्या पुढे. सर घड्याळ बघत, मग ते कानाशी धरत. मी गजर होण्याआधी जागी व्हायला लागले. बूट रात्रीच दाराशी मांडून ठेवायचे, परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी. पन्नाशीत एवढी हौस कुठून येते, देव जाणे.

आधी तिनं हातमोजे सोडले. “वाजतच नाही थंडी.” मग कानटोपी सोडली. मग मधला उबदार कपडा. अंगात फक्त तो पातळ, घाम ढकलणारा. मी एकदा तिच्या पाठीवरून हात फिरवला, कपडा कोरडा होता.

“घाम येत नाही तुला?”

“नाही.”

पूर्वीची धाकटी म्हणाली असती, “तुमच्या वाटणीचा तुम्हीच गाळताय की.” मी वाट पाहिली. ती नुसती तलावाकडे बघत राहिली.

दीर खूश होते. “वहिनी, तुम्ही जादू केलीत. हीटर माळ्यावर टाकला.” जरा थांबून म्हणाले, “फक्त जरा गप्प असते. थकत असेल, नाही?”

“थकत असेल,” मी म्हटलं.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात थंडी कडक पडली. आम्ही सगळे वर्तुळात उभे राहून पाय ताणत होतो आणि प्रत्येकाच्या तोंडातून किटलीसारखी वाफ निघत होती. सरांच्या शिट्टीतूनसुद्धा. धाकटी माझ्यासमोर होती, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. छाती वरखाली होत होती. तिच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती. तिच्या मागच्या झाडाची एकेक काडी मला दिसत होती.

सर तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला सांगितलं होतं, कमरेला बांधा म्हणून,” एवढंच हळू आवाजात म्हणाले, आणि शिट्टी वाजवली.

त्या दिवशी मी तिला म्हटलं, आज जॅकेट काढू नकोस. तिनं मान हलवली. पंपघराशी पोचेपर्यंत ते तिच्या हातात होतं, आणि मी पोचले तेव्हा कठड्यावर.

शर्यतीच्या सकाळी तलावाचे काठ गोठले होते. लाउडस्पीकर, झेंडे, छातीवर नंबर लावलेली शेकडो माणसं, आणि त्यांच्या डोक्यावर वाफेचा एक मोठा ढग. मी नंबरच्या पिना पुन्हा पुन्हा चाचपत होते. भीती किती आणि हौस किती, मला सांगता आलं नसतं. धाकटी माझ्या शेजारी उभी होती. त्या ढगात तिची भर नव्हती.

“घाबरलीस?” मी विचारलं.

“नाही, ताई.”

“मी घाबरलेय. मला शेवटून पहिला नंबर काढायचाय, जबाबदारी आहे.”

“बरं,” ती म्हणाली.

पिस्तुलाचा बार झाला. ती गेली. पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटावं इतकी हलकी गेली, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले.

मी माझ्या गतीनं पंपघराशी पोचले. कठड्यावर शेंदरी जॅकेट टांगलेलं होतं. वारा नव्हता.

जॅकेटच्या कॉलरमधून वाफ येत होती.

थोडी, मग थांबून परत थोडी. पुन्हा. भराभर, जोरात पळणाऱ्या माणसाच्या श्वासाच्या तालात.

मी थांबले. लोक मला ओलांडून गेले. कुणीतरी म्हणालं, “काकू, पेटका आला का?” मी मान हलवली.

वाफ जोरात यायला लागली. आणखी जोरात. जॅकेटची छाती फुगत होती आणि बसत होती. मी शिवलेली शिलाई ताणली जात होती.

मग तलावाच्या पलीकडून लाउडस्पीकरचा आवाज आला. बायकांमध्ये पहिली. धाकटीचा नंबर.

कॉलरमधली वाफ हळूहळू मंदावली. दमलेलं माणूस ओणवं होऊन श्वास घेतं, तशी.

मी ते जॅकेट आकड्यावरून काढलं. ते गरम होतं, आणि जड. छातीशी धरून मी उरलेली वाट चालत आले. माझ्या शर्यतीचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

धाकटी गळ्यात पदक घालून उभी होती. दीर रडत होते.

“हात घाल,” मी म्हटलं.

“थंडी नाही वाजत, ताई.”

“माझ्यासाठी घाल.”

तिनं शहाण्या मुलासारखे हात पुढे केले. बाह्या चढल्या. मी समोर वाकून चेन जुळवायला लागले. तिच्याच मापाचं होतं, मीच बेतलेलं, आणि ती आता पूर्वीपेक्षा बारीक झालेली. चेनच्या दोन बाजूंत चार बोटांचं अंतर राहिलं. मी ओढून पाहिलं, पोटाशी गुडघा टेकून ओढलं. आतमध्ये जागाच नव्हती. मी काढून घेतलं.

आता ते माझ्या दुकानात असतं, आरशासमोरच्या खुंटीवर. धाकटी दुपारी येऊन बसते, काजं करून देते. टाके सुरेख, सगळे सारखे. दीर म्हणतात, बायको बरी झाली, याहून काय हवं. मी मान डोलावते, आणि ते यायच्या आधी आरसा पुसून ठेवते.

परवा मी तिला तिचीच जुनी गंमत सांगितली, कंडक्टरला विचारलेली. सगळी, तिच्याच आवाजात, हातवारे करून. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. “बरं,” म्हणाली आणि सुई ओवली.

मी आरशाकडे पाहिलं. खुंटीसमोर, कॉलरच्या उंचीवर, काचेवर वाफेचे दोन लहान गोल उमटले होते. दोनच.

काल मी त्या जॅकेटला आतून आणखी एक अस्तर लावलं. जाड, मऊ, लोकरी. थंडी अजून गेलेली नाही.