बारा बनांची अदलाबदल

गेल्या अकरा वर्षांत गुंजन मडावीच्या वर्ध्यातल्या खासगी तपासाच्या ऑफिसात नाना तऱ्हेच्या तक्रारी आल्या होत्या. पळालेले नवरदेव, हरवलेली म्हैस, एकाच वेळी दोन गावांत नोकरी करणारा मास्तर. पण ‘माझ्या वाईट मालाच्या जागी कोणीतरी चांगला माल ठेवला, त्याला शोधून द्या’ असं सांगणारी बाई त्या गुरुवारी सकाळी पहिल्यांदाच आली.

बाईचं नाव कोकिळा झाडे, राहणार देवळी. तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. आत एक बन होता. गोल, फुगलेला, पिवळसर तपकिरी.

पुंडलिकरावांनी मान लांब करून पाहिलं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर बायकोच्या डोक्याला ताप नको म्हणून ते गुंजनच्या मदतीला येऊ लागले होते. तीस वर्षं बिनतिकीट प्रवासी पकडल्यामुळे त्यांना जगातला प्रत्येक माणूस संशयित वाटे.

“खिम्याचा हाय,” कोकिळा म्हणाली. “खाऊन पाहा.”

पुंडलिकरावांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. गुरुवार. गुरुवारी ते मांसाहार करत नसत. गुंजनने बन शांतपणे मधोमध मोडला.

“सुरुवातीपासून सांगा,” ती म्हणाली.

“मी घरी खिम्याचे बन करतो. जाम गावच्या चौकातल्या हॉटेलवाल्या बंडूजीनं चवीसाठी बारा बन मागतले होते. काल, बुधवारी सकाळी केले. सगळे फाटले. बुडं ओली चिंब. दुसरे कराले वेळ नव्हता, आंजीले बहिणीच्या पोराचं बारसं होतं. रडली मी चुलीपाशी बसून. मग तेच बन डब्यात भरले, उरलेलं पीठ, उरलेला कच्चा खिमा तसाच सोडला अन् साडेआठच्या गाडीनं गेली. दुपारी माह्या मालकानं डबा जामले पोचवला.”

“मग?”

“संध्याकाळी बंडूजीचा फोन. म्हने, वहिनी, असा मऊ बन मी नागपुरात नाई खाल्ला. रविवारी घरी येतो, माह्या डोळ्यासमोर करून दाखवा. जमलं त सोमवारपासून रोज तुमचेच बन घेतो.” तिचा आवाज बारीक झाला. “मालकानं जामहून एक बन परत आणला होता, तो हा. मॅडम, हा बन माह्या हातचा नाई. रविवारी मी करन त पुन्हा फाटके निघतीन. मग साऱ्या तालुक्यात होईन, बाईनं दुसऱ्याचा माल आपला म्हनून खपवला. त्याच्या आत मले तो हात पाह्यजे.”

“अन् बंडूजीले खरं काऊन नाई सांगतलं?” पुंडलिकरावांनी विचारलं.

“काय सांगू? कोनाचं नाव सांगू?”

गुंजन एक घास सावकाश चावत राहिली. तिचे डोळे मिटले होते. पुंडलिकरावांना ते बघवेना.

“सांगा तरी,” ते म्हणाले.

“काका, हे पाहा. बोटानं दाबलं का दबते, सोडलं का वर येते. बूड कोरडं. आत खिमा मोकळा, एक थेंब पानी नाई. भाजलेली खसखस हाय, सुकं खोबरं हाय.” तिने वरची बाजू उजेडाकडे धरली. “वरून दूध लावलं, अंडं नाई. चकाकी नाई. मीठ मात्र एक कणभर कमी. ज्यानं हे केलं त्याले मी मनापासून नमस्कार करतो.”

“तुमी खसखस घालता?” तिने कोकिळाला विचारलं.

“कधीच नाई.”

अर्ध्या तासात गुंजनची स्कूटर देवळीच्या रस्त्याला लागली. मागे पुंडलिकराव, त्यांच्या मांडीवर डबा. कोकिळा बसने पुढे गेली होती.

झाड्यांचं घर साधं, विटांचं. मागे पडवी, तिथेच विजेचा छोटा ओव्हन आणि एक वेगळी चूल. अंगणाच्या भिंतीवर एक जर्मनचं पातेलं पालथं घातलेलं होतं, राखेनं घासून लख्ख.

“हे बाहेर काऊन?” गुंजनने विचारलं.

“मटणाचं भांडं. ते घरात येत नाई. सासूबाईनं माळ घातली हाय. खिमा इथंच शिजवतो, भांडं साबणानं इथंच घासतो अन् तिथंच ठेवतो.”

“काल घासलं होतं?”

कोकिळा थबकली. “नाई बाप्पा. काल त त्यात खिमा होता. बारशाहून आली त खिमा नव्हता अन् भांडं असंच पालथं. म्हनलं, मांजरानं खाल्लं असन, मालकानं घासलं असन.”

शेतातून जेवायला आलेला चंद्रभान, म्हणजे कोकिळाचा नवरा, हे ऐकून हसला. “मी? मले चहाचा कप धुता येत नाई. सकाळपासून कापूस वेचाले बाया होत्या, दोन वाजता घरी आलो. पडवीत आईचं लुगडं वाळत होतं, त्याच्याखालून वाकलो त मानेवर थंडं पानी टपकलं. डबा उचलला, गाडीले बांधला अन् जाम.”

“डबा उघडून पाह्यला?”

“नाई. कोमट लागला हाताले. म्हनलं, उन्हानं तापला असन. बंडूजी त नुसता वेडा झाला. एक बोलला फक्त, मीठ जराकसं वाढवजो म्हनाव.”

“रस्त्यात कुठं थांबलात?” पुंडलिकरावांनी चौकशीचा सूर लावला.

“पेट्रोलले.”

पुंडलिकरावांनी वहीत ‘पेट्रोल’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या रेघांचा पुढे काही उपयोग झाला नाही.

शेजारच्या घरात काजल राहत होती. केक करून विकायची. कोकिळाला ओव्हन चालवायला तिनेच शिकवलं होतं. गुंजनने बनाचा तुकडा दाखवताच ती नाक मुरडून म्हणाली, “चव असन चांगली, पन दिसते कसा? वरून अंडं लावल्याबिगर मी ट्रे आत घालतच नाई. कोकिळालेही तेच शिकवलं.”

“काल यांच्याकडं गेलत्या?”

“कायले? एकदा म्या ते मटणाचं भांडं यांच्या मोरीत घासलं त सासूनं, जिजाबाईनं, दोन दिवस मोरी धुतली. तवापासून मी त्या भांड्याले शिवतही नाई. अन् काल दुपारी त यांच्या मागच्या दाराशी कुत्र्यांची जत्रा भरली होती, जाव कशी?”

बाहेर येताच पुंडलिकराव गुंजनच्या कानाशी लागले. “हेच बाई. शिष्यीण नापास झाली त मास्तरणीचं नाक कापल्या जाते. म्हनून बदलले.”

“अन् अंडं?”

“आपल्याले चकवाले नाई लावलं.”

“काका, काल बन केले तवा चौकशी होईन हे कोनाले माहीत होतं?”

पुंडलिकरावांनी वही मिटली.

परत आल्यावर सासूबाई जिजाबाईंनी त्यांना पाटावर बसवलं. साठी ओलांडलेली, ताठ कण्याची बाई. गळ्यात तुळशीची माळ. देवळीच्या भजनी मंडळात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी समोर सांबारवडी ठेवली. थंडीत इकडे कोथिंबीर, म्हणजे आमचं सांबार, ढिगाने येतं आणि घरोघर ही वडी होते. वरची पारी कुरकुरीत, आत सांबाराचं सारण, आणि एवढं ओलं सांबार भरूनही पारी कुठे मऊ पडलेली नाही. गुरुवारची सारी कसर पुंडलिकराव इथे भरून काढू लागले.

“अशी वडी मी जन्मात खाल्ली नाई,” ते मनापासून म्हणाले.

“त्यात काय हाय?” जिजाबाई म्हणाल्या. “सारणात भाजलेली खसखस अन् सुकं खोबरं घालाव, ते पानी धरून ठेवते. अन् सारण थंडं होऊ द्याव. गरम भरलं का पारी फाटलीच, मंग वडी असो का काही असो. आमच्या कोकिळाले लय घाई असते.”

गुंजनने वडीचा घास हळूहळू चावला. “दिवसभर तुमचं कामच असन, आजी.”

“पहाटे पाचले आंघोळ, लुगडं धुवून वाळू घालतो, मंग पूजा. दिवसाची एकच आंघोळ, पन थंड्या पान्यानं. चाळीस वर्षांचा नेम हाय.”

चंद्रभान जेवून शेतावर परत गेला. गुंजनने उठून पुढचं दार लोटून घेतलं.

“कोकिळाताई, बसा. तुमचा मानूस सापडला. पन हे चौघांतच राहीन.”

पुंडलिकराव सावरून बसले. त्यांना मनातून अजूनही पेट्रोल पंपाची आशा होती.

“डबा दोन वाजता कोमट होता,” गुंजन म्हणाली. “तुमचे बन सकाळी आठच्या आत झाले होते. थंडीच्या दिवसांत, सावलीच्या पडवीत ते गार व्हाले पाह्यजे. म्हंजे आत ताजे बन होते. अदलाबदल रस्त्यात नाई झाली, जामले नाई झाली. इथं, याच ओव्हनमधे, तुमचंच उरलेलं पीठ अन् तुमचाच खिमा घेऊन झाली. फाटके बन कुत्र्यायले गेले, म्हनून दाराशी जत्रा.”

“पन घरात त कोनी...” कोकिळा म्हणाली आणि थांबली.

“बाहेरचा मानूस असता त भांडं खरकटं टाकून गेला असता. नाई त घासून मोरीपाशी ठेवलं असतं. हे भांडं राखेनं घासून बाहेरच्या भिंतीवर, आपल्या जागी पालथं होतं. चोरून काम करतानाही ज्याच्यानं हा नेम मोडवला नाई, तो या घरातला. तुमी साबणानं घासता, भाऊ घासतच नाई. काजल त्याले शिवत नाई, अन् अंडं लावल्याबिगर तिचा हात चालत नाई.”

जिजाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

“मीठ कमी,” गुंजन पुढे म्हणाली. “इतका मोठा हात, अन् मिठात काऊन चुकन? चुकला नाई. ज्याले चाखताच येत नाई तो मीठ हात राखूनच घालते. वरून टाकता येते, काढता येत नाई. हा खिमा अशा मानसानं केला ज्यानं तो जिभेवर ठेवला नाई.”

पुंडलिकरावांच्या हातातली वडी तशीच राहिली.

“पहाटे पाचले पिळलेलं लुगडं दुपारी दोनले टपकत नाई. काल दुसरी आंघोळ झाली, दुसरं लुगडं धुतल्या गेलं. नेम एक आंघोळीचा, अन् काल दोन. अन् खसखस, खोबरं, थंडं सारण; ते सगळं आता आपन या ताटलीत खाऊन राह्यलो.” गुंजनने हात जोडले. “आजी, सकाळी माह्या ऑफिसात मी तुमालेच नमस्कार केला होता. फक्त नाव माहीत नव्हतं.”

मग जिजाबाई कोकिळाकडे न बघता म्हणाल्या,

“सतरा वर्षं झाली माळ घालून. मालक होते तवा मटन मीच शिजवत होतो, चाखत नव्हतो. नाकानंच समजे. सहा महिन्यांपासून हे पोरगी बन करते अन् मी दारातून पाहतो. गरम खिमा भरते, पिठाले झोपू देत नाई. सांगाव त लोक म्हनतीन, माळेवाली बाई खिम्याच्या गोष्टी सांगते. काल ते चुलीपाशी बसून रडली. ते मले नाई पाहवलं. देवापुढं हात जोडले, म्हनलं, या डावची माफी असू दे.”

“आई, मले एका शब्दानं सांगतलं असतं...” कोकिळा पुढे सरकली. तिने सासूच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

पुंडलिकराव खिडकीकडे बघत राहिले. तीस वर्षांत त्यांनी हजारो लबाड्या पकडल्या, पण पकडल्यावर उठून पाया पडावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. एवढी चव, आणि एकदाही तोंडात न घालता.

रविवारी गुंजन आणि ते मुद्दाम देवळीला गेले. समोर बसून बघायला.

कोकिळाने दूध घालून मळलेलं मऊ पीठ ओल्या फडक्याखाली दुप्पट फुगू दिलं होतं. भाजलेली खसखस अन् सुकं खोबरं घातलेला खिमा परातीत पसरून गार होत होता. जिजाबाई पडवीच्या उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या, हातात जप. बंडूजी खाटेवर बसून सगळं डोळे फाडून पाहत होते. भारी अंगाचा, खाण्याची खरी कदर असलेला माणूस. भिंतीपलीकडे भजनी मंडळातल्या दोघी उभ्या होत्या. जिजाबाईंना बोलवायला आलेल्या, आणि वासाने थांबलेल्या.

कोकिळाने खिम्याला हात घातला. आतून जप थांबला.

“वाफ हाय अजून.”

हात मागे आला. बंडूजींनी आत पाहिलं. दहा मिनिटांनी आतून “आता” आलं. कोकिळाने गोळा थापला, कडा पातळ, मधला भाग जाड ठेवला, खिमा भरला, चुण्या घालून तोंड बंद केलं आणि बन तोंडाकडून खाली ठेवला. एकेक करून बारा. ते पुन्हा फुगले, मग वरून दूध, मग ओव्हन. बाहेर आल्यावर तिने त्यांच्यावर कोरडं फडकं टाकलं, म्हणजे आपल्याच वाफेने साल मऊ होते.

एकही फाटला नव्हता. पुंडलिकरावांनी पहिल्या घासालाच चष्मा काढून ठेवला आणि दोन बन संपेपर्यंत परत लावला नाही.

बंडूजींनी सावकाश खाल्लं. बोटं पुसली. “वहिनी, मीठही आज बरोबर. उद्यापासून पाठवा. पन येक सांगा, हे शिकवलं कोनं?”

कोकिळाने भिंतीपलीकडच्या दोघींकडे पाहिलं. “असंच,” ती म्हणाली. “पाहून पाहून.”

“म्या शिकवलं.”

जिजाबाई उंबरा ओलांडून पडवीत आल्या होत्या. आवाज नेहमीचा, भजनातला, लांब पोचणारा. “अन् बुधवारचे बारा म्या केलते. या हातानं. खाल्ला नाई, खानार नाई. पन पोरीनं लपून काऊन शिकाव अन् म्या लपून काऊन शिकवाव?”

बंडूजी खाटेवरून उठून उभे राहिले. भिंतीपलीकडे दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. मंडळातून सासूचं नाव कमी होणार, तेही आपल्या बनांपायी, हे कोकिळाला स्पष्ट दिसत होतं. जिजाबाई हात बांधून वाट बघत राहिल्या.

मग त्या दोघींतली वयाने मोठी बाई भिंतीवर कोपरं टेकून पुढे झुकली. तिच्याही गळ्यात माळ होती. तिने आवाज खाली आणला.

“जिजाबाई, माहा नातू मले रोज म्हनते, आजी, कोकिळाकाकू करते तसे खिम्याचे बन करून दे. सूनबाईचा खिमा पानी लय सोडते. खोबरं किती घालाव म्हनता?”

“पावभर खिम्याले मूठभर,” जिजाबाई म्हणाल्या. “पन आधी भाजून घेजो.”