घोड्याजवळ बोललेलं

पहिल्याच भेटीत मी त्याला दंडाला धरून दारातून आत ओढलं. संग्रहालयात गाईड म्हणून नुकतीच लागले होते. पांढरी काठी दिसली की मदतीला धावायचं, एवढंच मला ठाऊक.

"मला अटक झालीय का?" त्यानं शांतपणे विचारलं. "वकील आहे मी. कारण सांगावं लागतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग... कसं नेऊ?"

"तुम्ही कोपर द्या, मी धरतो. पायरी आली की सांगा. आणि बाजूला जाताना 'जाते' म्हणा, नाहीतर आम्ही भिंतीशी गप्पा मारत बसतो."

तेव्हापासून तो दर रविवारी येऊ लागला. हात लावून बघायच्या दालनात एक पितळी घोडा होता, त्याच्यासाठी म्हणे.

"घोडा बरा आहे?"

"तुमची वाट बघत होता."

"घोडाच ना?"

"मग काय, मी?" असं म्हणायची खरी, पण शनिवारपासूनच माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. आई म्हणायची, "पायाला भिंगरी लागलीय का गं तुझ्या?"

एका रविवारी घोड्याच्या मानेवर हात ठेवून तो म्हणाला, "आज बोलायचंय. मध्ये काही बोलू नका... धीर सुटेल माझा."

मी गप्प राहिले. तेवढ्यात सहलीला आलेला एक मुलगा काचेची सुरई ओढताना दिसला, आणि मी धावले. 'जाते' न म्हणताच.

सुरई वाचली. परत वळले तर पोरं तोंडावर हात ठेवून खिदळत होती. एक मुलगी त्याला म्हणाली, "काका, तिथं कुणीच नाहीये." त्याचे कान लालबुंद झाले. मी हाक मारेपर्यंत तो काठी टेकत बाहेर पडला होता.

दालनातल्या रखवालदारकाकांना विचारलं, "काय म्हणाले ते?"

"पोरी, ते तुझ्यासाठी होतं. मी कसं सांगू?"

पुढचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. दाराचा आवाज झाला की मी उठायची, बसायची, पुन्हा उठायची. काय बोलला असेल? आणि आता कधी बोलेल तरी का?

मग एके दिवशी तो आला, आणि तिकीट खिडकीवर त्यानं दुसरा गाईड मागितला. तरी मीच पुढे झाले.

"मी आहे. त्या दिवशी न सांगता गेले, चुकलं माझं. सुरई पडत होती... पण मला ऐकायचं होतं हो."

"एकदा बोलून झालंय. सगळ्यांनी ऐकलं, तुम्ही सोडून." त्यानं मान वळवून कानोसा घेतला. "आत्ता आसपास कोण आहे?"

"शाळेची रांग. तिकीटवाल्या ताई. काका."

"मग हळू बोला."

"नाही. तुम्ही हसं करून घेतलंत, आता माझं होऊ दे." मी श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. फार आवडता. तुम्ही आला नाहीत तर मला काही सुचत नाही."

रांगेत खसखस पिकली. तो मात्र काठी चाचपत राहिला. वाटलं, संपलं सगळं. मग हळूहळू त्याचे कान लाल झाले.

"मी इतकं थोडक्यात नव्हतं सांगितलं," तो म्हणाला.

"सांगा ना मग... मी कुठेही जात नाही."