जास्तीची पट्टी

थोरले गेले त्याला वर्ष होत आलं, तरी लोक धाकट्यांना धाकटेच म्हणत. साठी उलटलेल्या माणसाला धाकटं म्हणायचं, आणि तेही वर थोरलं कोणी उरलेलं नसताना, याचं त्यांना हसू येई. दोघा भावांनी एकाच बाकाशी समोरासमोर बसून जन्मभर गिटारी केल्या. मैफलीत वाजणाऱ्या, नायलॉनच्या तारांच्या. लाकूड निवडणं, आतल्या पट्ट्या बसवणं थोरल्यांकडे. पॉलिश आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं धाकट्यांकडे. आता सगळंच एकट्यावर आलं होतं. दिवसभर रंध्याखेरीज आवाज नसे. आपण सकाळपासून तोंड उघडलेलं नाही, हे त्यांना कधी कधी संध्याकाळी खोकला आला की कळे.

एका दुपारी एक वादक बाई गिटार घेऊन आल्या. थोरल्यांच्या माघारी धाकट्यांनी एकट्यानं केलेली ती पहिली गिटार.

“काका, आवाजाबद्दल तक्रार नाही,” त्या म्हणाल्या. “पण मी थांबले तरी ती लगेच थांबत नाही.”

“घुमत असेल थोडी.”

“घुमत नाही.” त्या जरा घुटमळल्या. “आत कोणीतरी काम करतंय असं वाटतं. काहीतरी घासल्यासारखं. मी एकटी राहते, काका. मला ती घरात नको वाटते.”

धाकट्यांनी तारा सैल केल्या, भोकातून बारका दिवा आत सोडला आणि आरसा घातला. वरच्या फळीला आतून चिकटवलेल्या पट्ट्या पंख्यासारख्या पसरल्या होत्या. बारीक सुरांच्या बाजूला एक पट्टी जास्त होती. धाकटे पट्ट्यांची टोकं सरळ उतरती तासत. हिची टोकं नखासारखी गोल होती. तशी फक्त थोरले करत, आणि त्यावरून धाकट्यांनी त्यांची आयुष्यभर थट्टा केली होती.

म्हातारचळ, दुसरं काय, त्यांनी स्वतःला समजावलं. जन्मभर डोळ्यांनी पाहिलेलं नकळत हातात उतरलं असेल.

“ही इथेच राहू दे,” ते म्हणाले, आणि बाईंना दुसरी गिटार दिली.

त्या गेल्यावर त्यांनी तारा परत ताणून एक सूर छेडला. दाट, भरलेला सूर. पातळ आवाज थोरल्यांना खपत नसे. “पाणी घातलेलं दूध,” ते म्हणत.

पुढची गिटार करताना धाकट्यांनी नजर ठेवली. पाठीची फळी लावण्याआधी प्रत्येक पट्टीवरून बोट फिरवलं. सगळी टोकं सरळ. फळी लावून पेटी बंद केली. सुकल्यावर शिकंजे काढले, आरसा आत घातला. जास्तीचं काही नव्हतं. वरच्या फळीवर बोटानं टकटक केली. आवाज पातळ आला.

सुटलो म्हणायला हवं होतं. उलट त्यांनी आरसा पुन्हा आत घालून पाहिला.

ते बाकाशी येऊन बसले. मग समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे न बघता म्हणाले, “दादा, हिचा आवाज पातळच राहिला रे.”

स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना ओशाळल्यासारखं झालं. ते उठून मागच्या खोलीत गेले. तोंडावर पाणी मारलं, उगाच टॉवेलची घडी केली.

परत आले तर बाकाच्या पलीकडच्या कडेला लाकडाची ढलपी पडलेली. पातळ, गुंडाळलेली, ताजी.

त्यांनी फळीवर टकटक केली.

आवाज दाट आला.

तारा अजून चढवलेल्या नव्हत्या. त्यांनी गोल भोकातून हात आत घातला. बोटं चाचपत बारीक सुरांच्या बाजूला गेली. पट्टी होती. टोक गोल होतं.

सरस लावला की मिनिटभरात गार पडतो. हा बोटाला ऊन लागला.

पट्टीच्या कडेला थोडा ओघळला होता. सवयीनं ते तो पुसायला गेले.

आतून कोणीतरी त्यांचं बोट हलकेच बाजूला सारलं, आणि ओघळ पुसून घेतला.

धाकट्यांनी हात तसाच आत राहू दिला.