गंजावरचा लेप

पुढे सरका रे. आणि तू तो मोबाईल पालथा ठेव; तोंडावर उजेड पडला की भुताआधी तूच दिसतोस. ही गोष्ट आपल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रीची. खोटी वाटली तर उद्या त्यालाच विचारा. शिव्या खाल त्या तुमच्या.

अमावास्या-बिमावास्या काही नव्हती. साधा बुधवार, रात्रीचे साडेदहा. मिस्त्रीची सासू न कळवता राहायला आलेली, आणि घरात खाट कमी. बायको म्हणाली, "गॅरेजमधली घडीची खाट आणा, नाहीतर झोपा जमिनीवर." खाट आली तरी ती सासूलाच मिळणार होती. पण हे बोलायची छाती कुणाची? मिस्त्री टॉर्च घेऊन निघाला.

वाटेत मामांचं घर. मामा म्हणजे जीपवाले. भाचा असो नसो, सगळ्यांचे मामाच. महिनाभर मिस्त्री त्या दारावरून मान खाली घालूनच जायचा. त्याचं असं झालं होतं, मामांच्या जुन्या जीपच्या स्प्रिंगचा पाटा चासीला धरून ठेवणारी पट्टी गंजून चाळण झाली होती. सडकं कापून नवी पट्टी जोडायची तर अर्धा दिवस जाणार, आणि मिस्त्रीला लागली होती भूक. त्याने गंजावरच वेल्डिंगचे चार टाके मारले, वरून भोकं बुजवायची लांबी भरली, काळा रंग फासला. "मामा, जीप मोडेल, पण हे नाही मोडायचं!" मामा खूश.

चौथ्या दिवशी वळणावर पाटा सुटला. जीप खड्ड्यात. मामा गेले, दोन माणसं अंथरुणाला खिळली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला डुलकी लागली असणार. मिस्त्रीही त्यांच्यात उभा राहून म्हणाला, "असणार." तेवढ्यावर विश्वास ठेवून मामांच्या पोराने बापाचा फोटो भिंतीवरून उतरवला.

तर मिस्त्री गॅरेजपाशी आला. शटर अर्धं वर. आत निळा लखलखाट.

"कोण रे तिकडे?"

चर्र... चर्र...

भुरटा चोर असेल म्हणून वाकून आत शिरला. सवयीने बटण दाबलं. दिवा लागेना. लागणार कसा? संध्याकाळपासून अख्ख्या गल्लीची वीज गेलेली.

मग मशीन कशावर...

समोर मामांची जीप. भंगारात गेलेली. खालून दोन पाय बाहेर.

"आलास मिस्त्री? ही पट्टी धर जरा."

हात आपोआप गेला. धरली.

"सडकं सगळं कापून काढलं बघ. फार वेळ नाही लागत रे."

मामांनी पुढचा टाका पेटवला.

"पोरगा रोज मनातल्या मनात विचारतो, झोपला होतात का. काय सांगू त्याला?"

...

"काय सांगू, मिस्त्री?"

"मामा... तुम्ही झोपला नव्हता."

"मला कशाला सांगतोस?"

निळा उजेड विझला. जीप नाही. पाय नाहीत. नुसता अंधार...

खाट राहिली तिथेच. उजाडेपर्यंत मिस्त्री मामांच्या पायरीवर बसून होता. मामींनी दार उघडलं तसं त्याने सगळं ओकून टाकलं. गंज, लांबी, रंग. तो 'असणार'सुद्धा. थोबाडीत बसेल असं वाटलं होतं. बसली असती तर बरं झालं असतं.  मामी आत वळून पोराला म्हणाल्या, "ऐकलंस का रे? बाबा जागे होते."



मामींनी मिस्त्रीकडे पाहिलं. "डोळे बघ तुझे. रडलास तरी."

पण मिस्त्री रडला नव्हता. तेवढंही त्याला जमलं नव्हतं. डोळे लालभडक, सुजलेले, पापणी हलवली की आत वाळू खुपते. वेल्डिंगवाल्याला ती वाळू बरोबर ओळखू येते. तोंडासमोर काच न धरता पेटत्या टाक्याकडे पाहिलं, तरच ती डोळ्यांत उतरते...