पत्र्याखालचं पाणी

"बाटली लपव, डोकं खाली घाल, अन् हसू नको!" प्रियदर्शनी कुजबुजली.

"हसून कोण राहिलं? वासानं जीव चाललाय!" सत्यमनं नाक आणखी घट्ट दाबलं.

मुखेडजवळ सत्यमच्या किशनकाकांची पोल्ट्री होती. तिच्यामागं दोघं दबा धरून बसले होते, आणि सत्यमचा धाकटा भाऊ आदिनाथ फाटकाशी. उन्हाळ्याची सुट्टी, आणि पोरांचा डोळा आंब्यांवर नाही, नालीवर!

प्रियदर्शनीची आजी सरजाबाई पोल्ट्रीच्या या नालीत अनवाणी उतरून ती साफ करायची. पायाला खिळा लागला, जखम चिघळली. आता ती नांदेडच्या दवाखान्यात पडून होती. जखमेतले जंतू एकाही औषधाला दाद देईनात. पाय कापावा लागेल, डॉक्टर म्हणाले.

तिथल्या प्रयोगशाळेतल्या शिल्पाताईंना एकच वाट दिसत होती. "जंतूंना खाणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. माणसाच्या वाट्याला जात नाहीत, ठरावीक जंतूच फस्त करतात. आणि ते जंतू जिथं असतात, त्याच घाणीत सापडतात. मला त्या नालीचं पाणी हवंय."

त्या पाणी मागायला पोल्ट्रीवर आल्या, तर काका गुरकावले, "आमच्याकडं घाणच न्हाई! सरजाबाई गोळ्या टाइमावर खात न्हाई, अन् नाव आमचं!"

दुसऱ्याच दिवशी कायम उघडी असणारी नाली पत्र्यांनी झाकलेली! पोरांना तिथंच खटकलं. स्वच्छ नाली कोण झाकतं?

फाटकाशी व्यापाऱ्याची गाडी कोंबड्या भरून घेत होती. ठरल्याप्रमाणं आदिनाथनं बोंब ठोकली, "काका! पळा! काट्यात घोळ हाय!"

वजनकाट्याचं नाव ऐकलं की काका भरल्या ताटावरून उठत. ते धोतर सावरत धावले. दोघांनी पत्रा उचलला. खाली काळा, फेसाळ रबडा!

"शी! यात उतरायचं?"

"माझी आजी रोज उतरायची," प्रियदर्शनी म्हणाली. "अन् तू वर उभा राहून सांगायचास, 'सरजाबाई, तिकडं राहिलं बघ!'"

सत्यमचे कान तापले. खोटं काय होतं त्यात? पोल्ट्रीच्या खोलीत काकांचे रबरी बूट टांगलेले होते, कोरे करकरीत. तपासणीला साहेब आला की तेवढ्यापुरते ते काकांच्या पायात चढत. सत्यमनं तेच घातले, हाताला पिशवी गुंडाळली, उतरला आणि बाटली भरली.

"ही कसली रिकामी पाकिटं?" प्रियदर्शनीनं कोपऱ्यात बोट दाखवलं.

"ताकदीची पावडर. काकांनी सांगितलंय, मीच टाकतो रोज कोंबड्यांच्या पाण्यात!" तो ऐटीत म्हणाला.

तिनं एक पाकीट बाटलीसोबत घेतलं.

नांदेडला शिल्पाताईंनी पाकीट वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "ही ताकद नाही, जंतू मारायचं औषध आहे. धडधाकट कोंबड्यांना रोज थोडं थोडं पाजलं की कच्चे जंतू मरतात, औषधाला दाद न देणारे निबर तेवढे उरतात. तेच नालीत आले. आजीच्या पायात बहुतेक तेच असणार."

औषधाचं नाव पाकिटावर इंग्रजीत छापलेलं होतं. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या सत्यमनं ते एकदाही वाचलं नव्हतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. प्रियदर्शनीनं त्याला एक शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

आजीच्या जखमेतल्या जंतूंनी भरलेल्या काचेच्या ताटलीवर शिल्पाताईंनी नालीच्या पाण्यातले फाज सोडले. दुसऱ्या दिवशी ताटलीत स्वच्छ टिकल्या उमटल्या. फाजांनी जंतू खाल्ले होते! मग फाज शुद्ध करणं, तपासणं, परवानग्या. तोवर डॉक्टरांनी पाय कसाबसा तगवला. मग औषधांच्या जोडीला फाज दिले, आणि जखम भरू लागली. पाय वाचला!

सरजाबाई घरी आली तेव्हा अख्खी गल्ली जमली, किशनकाकाही आले. शिल्पाताईंनी पोरांच्या पाठी थोपटल्या, "शाब्बास! तुमच्यामुळं पाय राहिला!"

"मला शाब्बास म्हणू नका," सत्यम म्हणाला. "पावडर मीच टाकत होतो. आजी, चुकलो मी."

सरजाबाईला तो पहिल्यांदाच आजी म्हणाला होता.

"तू निदान बोललास, लेकरा. लई धीर लागतो," ती म्हणाली आणि काकांकडं बघत राहिली.

सगळ्यांच्या नजरा तिकडंच वळल्या. काकांची मान खाली. त्यांनी सोबत आणलेले ते रबरी बूट पुढं सरकवले. "पावडर बंद केली, सरजाबाई. हे घाल, अन् ये कामाला."

सरजाबाईनं बूट उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि परत त्यांच्याच पायाशी ठेवले.

"मी न्हाई येत आता, मालक. नाली तुंबली असंल. बूट तुमच्याच मापाचे हायेत."